फेणीवाल्याने चाखलेली आलांब्र

आधीच सांगून टाकतो, माशाच्या हुमणाबरोबर ही बाटली उघडू नका. आलांब्र ही पोर्तुगालची गोड वाईन, जेवण उरकल्यावर घोट घोट घ्यायची. भाच्याने ती लिस्बनहून आणली नेमकी चवथीच्या तोंडावर. घरात गणपती असताना तिच्याकडे बघायचीही सोय नव्हती. विसर्जनानंतर उरलेल्या नेवऱ्यांबरोबर, म्हणजे करंज्यांबरोबर, घेतली आणि जोडी झकास जमली. फेणीच्या वासाने खिडक्या उघडणाऱ्या आमच्या बायकोनेही पेला पुन्हा पुढे केला.

बनवणारं घराणं जुझे मारिया द फोन्सेका. 1834 पासून एकाच कुटुंबाच्या हातात, आता सातवी पिढी. मूळ पुरुष कोइंब्रा विद्यापीठात गणित शिकलेला. गाव आझैतांव, लिस्बनहून तेजू नदी ओलांडून दक्षिणेला गेलं की आराबिदा डोंगराच्या पायथ्याशी. त्यांची ‘पेरिकीता’ ही तांबडी वाईन 1850 पासूनची. भाचा तिथे जाऊन आलाय. तो जुन्या वाड्याचं वर्णन करत बसला होता, मला पिपांबद्दल ऐकायचं होतं.

कारण आमची स्वतःची भाटी, म्हणजे फेणी गाळायची जागा, आहे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. पावणीत, म्हणजे लिलावात, काजूची जागा घ्यायची, मार्च ते मे धुरात डोळे चोळत उभं राहायचं, हा आमचा धंदा. त्यामुळे कोणतीही बाटली हातात आली की आधी प्रश्न पडतो, केली कशी?

तर मोश्कातेल जातीच्या द्राक्षांचा रस आंबायला लागतो आणि आंबणं अर्ध्यावर असतानाच त्यात द्राक्षांचीच ऊर्ध्वपातित दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं, न आंबलेली साखर तशीच राहते. वाईनमधला गोडवा तो हाच, वरून साखर घातलेली नाही. इथवर मला नवल वाटलं नाही. नवल पुढे आहे. आम्ही कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, बोंडू (काजूची फळं) तुडवतो आणि रस निघाला की चोथा बाहेर फेकतो. हे लोक द्राक्षांच्या साली त्या मिश्रणात कित्येक महिने भिजत ठेवतात. वास येतो तो तिथून. पेला नाकाशी नेला की आधी संत्र्याची साल, मग मध, आणि मागाहून सुक्या जर्दाळूसारखं काहीतरी. त्यानंतर लाकडी पिपांत वर्षं काढायची.

आणि ओतायची दारू कुठली, यावरही यांनी डोकं चालवलंय. सहाव्या पिढीतले दुमिंगुश सुआरिश फ्रांकू कॅलिफोर्नियात डेव्हिसला वाईनशास्त्र शिकले. त्यांनी कोन्याक, आर्मान्याक अशा वेगवेगळ्या फ्रेंच ब्रँडी घालून पाहिल्या, आणि आर्मान्याकवाली मोश्कातेल वाईन वेगळी विकायलाही काढली. ‘दारू ती दारू, कुठलीही चालते’ म्हणत हुर्राकात (काजूरसाच्या पहिल्या धारेच्या दारूत) पाणी आणि फेणीत भलतंच काही मिसळणाऱ्या आमच्या धंदेबंधूंना हे वाचून दाखवायला हवं. 2009 साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून काय भेसळ थांबली?

जुन्या काळी यांची पिपं गलबतांवर चढवून दूरच्या वसाहतींकडे पाठवत. न खपलेली पिपं तीच गलबतं परत आणत, आणि विषुववृत्तावरचा उकाडा सोसून आलेली वाईन घरी ठेवलेल्यापेक्षा सरस निघे. अशा वाईनला ‘तोर्ना व्हियाजें’ म्हणतात. आमची फेणी काचेच्या गराफांवात, म्हणजे मोठ्या बरणीत, हलत नाही, डुलत नाही. एखादा गराफांव मांडवी नदीतल्या खनिजवाहू बार्जवर चढवून बघावा, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. खाणवाले काय म्हणतील ते म्हणोत.

आता खोट. साधी आलांब्र तरुण आहे, दुसऱ्या पेल्याला गोडी घशाशी येते. आपल्या हवेत बाटली बाहेर राहिली तर दारूचा उग्रपणाही वर येतो, म्हणून फ्रिजमध्ये तास-दोन तास ठेवायलाच हवी. मागे इकडच्याच एका दुकानातून अशीच एक गोड पोर्तुगीज वाईन घेतली होती. ती दर्शनी काचेत दिवसभर ऊन खात उभी असायची, चव करपलेल्या गुळाची. गिऱ्हाइकाने मागच्या फळीवरची बाटली मागावी. उघडल्यावर मात्र घाई नाही, बूच लावून थंड ठेवली तर काही आठवडे सहज टिकते.

नेवरी नसेल तर आमच्या गोव्याच्या गोड पदार्थांतलं दोदोल चालेल, बिबिंक तर उत्तमच. चॉकलेट केकबरोबर मला मुळीच आवडली नाही. भाच्याला पुढच्या खेपेसाठी 20 वर्षांची आलांब्र सांगितली आहे, आणि सामानात जागा असेल तर ती आर्मान्याकवाली.