दाबोळीचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम: अपघातांचा इतिहास माहीत करून घ्या आणि मगच जा

वास्कोहून बोगमाळो बीचकडे निघालात की दाबोळी एअरपोर्टला खेटूनच हे म्युझियम लागतं. १९९८ पासून सुरू आहे, तरी गोव्याला दरवर्षी जाणारी कितीतरी मंडळी याच्या समोरून टॅक्सीने निघून जातात, याचं खरंच वाईट वाटतं. माझ्याकडून पाच पैकी पाच स्टार. फक्त एक सांगणं आहे, नुसते सेल्फी काढायला जाऊ नका, या विमानांचं आणि या परिसराचं काय काय झालंय ते थोडं वाचून जा, मग तिथे वेगळंच वाटतं.

बाहेरच्या अंगणात सगळ्यात आधी नजर जाते ती सुपर कॉन्स्टेलेशनवर. चार पंखे, मागे तीन शेपट्या, माशासारखं लांबलचक वळण घेतलेलं अंग. हे आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, नाव ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळचीच की! नंतर एअर फोर्सकडे गेलं आणि १९७६ ला नेव्हीकडे आलं, समुद्रावर तासन् तास फिरून जहाजांवर लक्ष ठेवायला. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७७ ला, समुद्रावर टेहळणीचंच काम करणाऱ्या रशियन इल्युशिन ३८ विमानांची ३१५ नंबरची स्क्वाड्रन सुरू झाली आणि याच स्क्वाड्रनच्या पंचविशीला, १ ऑक्टोबर २००२ ला, दाबोळीजवळ फॉर्मेशनमध्ये उडताना दोन इल्युशिन हवेतच एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून १२ नौसैनिक गेले, खाली जमिनीवरची माणसंही गेली. आनंदाचा दिवस होता हो तो, घरचे लोक कौतुकाने आकाशाकडे बघत असणार. त्या कॉन्स्टेलेशनच्या पोटाखाली उभं राहून हे आठवलं की पुढे पाऊल टाकवत नाही.

मग सी हॅरियर, नेव्हीचं लढाऊ विमान. याच्याजवळ नीट थांबा, घाई करू नका. अंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नळकांडी दिसतील, ती फिरतात, इंजिनाचा जोर खाली वळवून विमान सरळ उभंच्या उभं उतरतं. पंखांच्या टोकांना छोटी चाकं पण आहेत, कारण मुख्य चाकं मधोमध एकामागे एक. बघायला भारी वाटतं, पण हवेत स्थिर असताना पंख काहीच उचलत नाहीत, सगळा भार त्या एकट्या इंजिनावर, आणि तेवढ्यात काही बिघडलं तर पायलटला विचार करायलाही वेळ मिळत नाही. १९८३ पासून नेव्हीने तीसच्या आसपास घेतली, निम्म्याहून जास्त अपघातांत गेली. २००९ च्या ऑगस्टमध्ये एक गोव्याजवळच समुद्रात पडलं आणि त्यात पायलट गेला. २०१६ ला ही विमानं इथेच, नेव्हीच्या दाबोळीतल्या आयएनएस हंसा या तळावर, निवृत्त झाली.

त्यांच्या जागी मिग २९ के आली पण अपघात काही थांबले नाहीत. नोव्हेंबर २०१९ ला उड्डाण होताच पक्ष्यांचा थवा धडकला, एक इंजिन बंद आणि दुसऱ्याला आग, तरी दोघा पायलटांनी विमान वस्तीपासून दूर वळवलं आणि मगच बाहेर उडी घेतली, विमान वेर्ण्याच्या कातळावर पडलं. वर्षभराने आणखी एक मिग समुद्रात पडलं, त्यात कमांडर निशांत सिंह गेले, त्यांचा शोध कित्येक दिवस चालला होता. त्याआधी मार्च २०१५ ला नेव्हीचं डॉर्निअर हे टेहळणी विमान पडलं त्यात लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी गेले, तिसऱ्या अधिकाऱ्याला मासेमारीच्या बोटीने वाचवलं. प्रवासी विमानांनाही ही धावपट्टी नवी नाही, डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईला निघालेलं जेट एअरवेजचं विमान पहाटे धावपट्टी सोडून गरकन फिरलं होतं, १६१ माणसं होती आत, नशिबाने सगळे वाचले.

अंगणात अलिझे पण आहे, विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडायचं ते. १९७१ च्या युद्धात एक अलिझे पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडलं, तिघेही परत आले नाहीत. आणि ते छोटं सीलँड चुकवू नका, पाण्यावर उतरणारं, नेव्हीचं पहिलंवहिलं विमान, जगात आता मोजकीच उरलीत.

आतल्या दालनात शस्त्रं, गणवेश, विक्रांतची माहिती, ते पटकन बघून होतं. माझी मनापासून इच्छा एकच, या धावपट्टीवरून उडून परत न आलेल्या सगळ्यांची नावं तारखेसह लावलेली एक मोठी भिंत इथे व्हावी, इल्युशिनच्या बाराजणांपासून सुरुवात करून, आणि खाली जमिनीवर गेलेल्यांचीही त्यात असावीत, ती माणसं कोणाच्या लक्षातच राहत नाहीत.

जाणार असाल तर सोमवारी बंद असतं. सकाळी लवकर जा, सगळी मोठी विमानं उघड्यावर आहेत आणि दुपारी ऊन सहन होत नाही, टोपी न्याच. मोपाला, म्हणजे उत्तर गोव्यातल्या नव्या एअरपोर्टला, उतरणार असाल तर हे बरंच लांब पडतं, दाबोळीवरून फ्लाइट असेल तर त्या दिवशी दोन तास हाताशी ठेवा, टॅक्सीवाल्याशी थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. मुलांना नक्की न्या, आणि हॅरियरची नळकांडी दाखवताना त्यातल्या पायलटांबद्दल पण सांगा.