तोडून दाखवणारा वेल्डिंगचा क्लास

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. कटिंगचं लाकडी टेबल वाळवीनं खाल्लं तेव्हा लोखंडाचं करून घ्यायचं ठरवलं. एका फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलं, उंची ३६ इंच. पाठ वाकायला नको म्हणून ३६ म्हणजे ३६च. त्यानं तीन आठवडे टोलवलं आणि आणलं ते ३३ इंची. वर म्हणतो कसा, "ताई, एवढ्यानं काय होतंय?" मी गिऱ्हाइकाला असं म्हणून बघावं, ब्लाऊज तोंडावर येईल. टेबल परत पाठवलं, ॲडव्हान्स बुडाला, आणि त्या रागात मी वेल्डिंग शिकायला गेले.

आधी आयटीआयची चौकशी केली. तिथं वेल्डरचा कोर्स आहे, मराठीत त्याला 'संधाता' असा झकास शब्दही आहे, आठवी पास लागते, पण एक वर्षाचा. दुकान बंद ठेवून रोज कोण जाणार? मग एका गिऱ्हाइकाकडून हा क्लास कळला. अंबड एमआयडीसीत, गरवारे पॉइंटपासून आत, एका चालत्या वर्कशॉपमध्ये रविवारी सकाळी ९ ते १. सहा रविवार, ४,५०० रुपये, रॉड (वितळून जोड भरते ती कांडी) आणि भंगार त्यांचं. नाव इथं लिहीत नाही, कारण मिस्तरींनीच बजावलंय, "चाराच्या वर माणसं आली की मला झेपत नाहीत." कोपऱ्यावरच्या चहावाल्याला 'रविवारी शिकवतात ते' एवढं विचारलं की तो बोट दाखवतो.

आमच्या बॅचला चौघं. कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा एक मुलगा, मोटारसायकली उघडून बसायची हौस असलेले एक निवृत्त सर, दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आणि मी. आमच्यात खरी गरज होती ती बागायतदार दादांना. ऑक्टोबर छाटणीच्या ऐन गर्दीत फवारणीच्या ब्लोअरची चौकट तडकली की वेल्डर चार-चार दिवस येत नाही, बागेचे अँगल निखळले तरी तेच. बाकी आम्ही हौशी.

पहिल्या रविवारी ५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर नुसत्या रेघा ओढायच्या. सुईला नंबर असतो तसा रॉडलाही असतो, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. शिकायला ६०१३. त्यातले पहिले ६० म्हणजे जोडाची ताकद, चौरस इंचाला साठ हजार पौंड. मधला १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही स्थितीत चालतो. शेवटचा आकडा रॉडवरच्या लेपाचा. अडीच मिलिमीटरचा रॉड, मशीन ८० अँपिअरवर. काडेपेटीवर काडी ओढावी तसा रॉड ओढायचा आणि लगेच रॉडच्या जाडीइतकाच वर धरायचा. जास्त उचलला की आर्क, म्हणजे रॉड आणि पट्टीमधला विजेचा जाळ, तुटते, कमी उचलला की रॉड चिकटतो. माझा तासाभरात निदान तीस वेळा चिकटला. चिकटला की ओढायचा नाही, मनगट मुरगळून सोडवायचा.

मला मात्र काही दिसतच नव्हतं. काळ्या काचेआड एक पांढरा ठिपका आणि बाकी अमावास्या. मिस्तरी म्हणाले, "उजेडाकडं बघू नका, ताई. उजेडामागं लोखंडाचं पाणी झालंय, त्याच्याकडं बघा." तरी दिसेना. शेवटी त्यांनीच विचारलं, सुई ओवताना चष्मा लावता का? लावते. मग इथं का नाही? जवळचा चष्मा चढवून त्यावर हेल्मेट घातलं आणि ते पाणी लख्ख दिसलं, कडेनं गोल, मागं थिजत येणारं. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे लक्षात ठेवा, माझा अर्धा रविवार त्यात गेला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. दुसऱ्या रविवारी दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून जोडल्या. माझी शिलाई काय सुरेख आली होती! रॉडचा लेप वितळून वर थिजलेली खपली झाडली तर खाली माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ, गोट लावल्यासारखी. कॉम्प्युटरवाल्या मुलानं फोटोसुद्धा काढला. मिस्तरींनी बघितलं, "छान" म्हणाले, तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळला आणि हातोडीचा एकच घाव घातला. खळ्ळकन पट्टी सुटून पडली.

मला रडूच यायचं बाकी होतं. मग त्यांनी तुटलेली बाजू हातात दिली. खालच्या पट्टीची कड जशीच्या तशी, कटरनं कापल्याच्या रेघासुद्धा शाबूत. म्हणजे ती वितळलीच नव्हती. कोपऱ्यात काळी खपली अडकून बसलेली. करंट कमी होता, आर्क लांब होती आणि सुंदर दिसावं म्हणून मी हात भराभर पुढं नेला होता. लोखंड नुसतं वर जाऊन बसलं होतं. वरून गोट, आत टाकाच नाही.

त्या दिवसापासून दर रविवारी हेच. जोडायचं, तोडायचं, तुटलेलं वाचायचं. बारीक भोकं दिसली तर रॉड ओला आहे किंवा पट्टीवर गंज-रंग राहिलाय. (पावसाळ्यात मिस्तरी रॉड एका पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून ठेवतात.) कडेला चर पडली असेल तर करंट जास्त किंवा आर्क लांब. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिले पंधरा दिवस शिवलेलं उसवायलाच लावते, त्यामुळं मला ही रीत लगेच पटली. निवृत्त सर मात्र वैतागले, तिसऱ्या रविवारनंतर आलेच नाहीत. चौथ्या रविवारी माझा जोड पाच घावांत वाकला, पण सुटला नाही. मिस्तरी तेव्हा "छान" म्हणाले नाहीत, नुसता तुकडा परत दिला. तो दुकानात देवाच्या फोटोखाली ठेवलाय. मोबाइलवरच्या व्हिडिओंत सगळ्यांचे जोड देखणे असतात, पण तोडून दाखवणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

टाका हा शब्द इथंही आहे. चौकट जुळवताना आधी चारी कोपऱ्यांना कच्चा टाका मारायचा, गुण्या लावायचा, दोन्ही कर्ण मोजायचे आणि मगच पक्कं करायचं. लोखंड थंड होताना आकसतं आणि जोडाच्या बाजूला ओढतं. एका कोपऱ्यापासून सरळ शिवत सुटलात तर काटकोनाचा पतंग होतो. म्हणून एक टाका इकडं, दुसरा समोरच्या कोपऱ्यात. जॉर्जेटला अस्तर लावताना चुण पडू नये म्हणून आपण हेच करतो.

कपड्यांबद्दल मात्र मी मिस्तरींनाच चार गोष्टी सांगितल्या. सुती जळतं, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. त्यांच्या हेल्परच्या शर्टाचा एक धागा ओढून पेटवून दाखवला, राखेऐवजी टणक गोळी झाली. पुढच्या रविवारी जुन्या जीन्सचे तीन एप्रन शिवून नेले. स्वतःचं मात्र चुकलं. आर्कच्या किरणांनी उघडी कातडी उन्हासारखी भाजते हे ऐकूनही कुर्त्याचा गळा तसाच ठेवला. रात्री आरशात बघते तर गळ्याच्या मापात, अगदी साडेसहा इंच खोल, लालभडक व्ही.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. दोन टेबलांच्या मध्ये पडदा नाही. तिसऱ्या रविवारी मी हेल्मेट काढून पाणी पीत होते आणि शेजारी दादांची आर्क चालू होती. तेव्हा काहीच वाटलं नाही. रात्री दोनला डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं, पाण्याच्या धारा, दिवा सहन होईना. सासूबाई बटाट्याच्या चकत्या घेऊन आल्या, पण सकाळी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. थेंब दिले, दीड दिवसात उतरलं. हा त्रास लागलीच होत नाही, काही तासांनी उठतो, म्हणून माणूस फसतो. मी मिस्तरींशी भांडले. पुढच्या वेळी गोणपाट टांगलं होतं, ठिणग्या उडतात तिथं गोणपाट! कॅनव्हासचा पडदा शिवून देते म्हणाले आहे.

दुसरी तक्रार, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. शेजारच्या कंपनीच्या वॉचमनला विचारून जावं लागतं. तिसरी, आपोआप काळं होणारं हेल्मेट एकच, बाकीच्यांनी हातात काच धरायची. मग रॉडला आणि कामाला मिळून एकच हात उरतो.

जमेच्या बाजूला हेही लिहायला हवं. मी घरून गॅल्व्हनाइज्ड पाइपचा तुकडा नेला होता, त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. आधी ग्राइंडरनं जस्त काढायला लावलं, तेही दाराबाहेर. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो.

वेल्डिंगचं मशीन लगेच घेऊ नका. मी क्लास संपल्यावर २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन घेतलं, ७,८०० रुपयांना. २०० अँपिअर घरात कधीच लागत नाहीत, ७०-८० वर माझं सगळं काम होतं आणि तेवढ्याला १६ अँपिअरचा जाड प्लग पुरतो, वायरिंग धड असेल तर. ड्यूटी सायकल विचारून घ्या. ६० टक्के म्हणजे पूर्ण करंटवर दहा मिनिटांतली सहाच मिनिटं.

पाचपैकी चार तारे. एक पडद्याचा कापला, लागला की देईन.

टेबल दिवाळीआधी झालं. दीड इंची चौकोनी पाइप, उंची बरोब्बर ३६. चारांपैकी एक पाय सूतभर तोकडा आहे, त्याखाली बुक्रमच्या कडक कापडाची घडी घातलीये. गिऱ्हाइकांना दिसत नाही.