पडक्या वास्तूचं रेखाटन: पिरानेसी की फ्रीडरिख?

निसर्गचित्रात पडकी कमान किंवा बुरूज घ्यायचा, तर तो तिथे काय सांगायला उभा आहे हे आधी ठरवावं. नाहीतर तो नुसता शोभेला उरतो. अभ्यासासाठी कुणाला समोर ठेवू, असं विचाराल तर दोन नावं सुचवेन. दोघांची तोंडं मात्र विरुद्ध दिशांना आहेत.

पिरानेसी (१७२०–१७७८) हा इटालियन चित्रकार वास्तुकलेचं शिक्षण घेतलेला. त्याच्या रोमच्या एचिंगमध्ये (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या छापचित्रांत) पडझडीपेक्षा बांधणाऱ्यांची ताकद आधी जाणवते. नजर जमिनीलगत ठेवल्यामुळे कमान अंगावर येते, आणि पायथ्याशी हातवारे करणारी चिमुकली माणसं तिला आणखी मोठी करतात. मापात तो सर्रास अतिशयोक्ती करतो. मला ती चालते.

जर्मन चित्रकार फ्रीडरिख (१७७४–१८४०) भिंतीपेक्षा तिच्याभोवतीच्या रिकामेपणावर जास्त भिस्त ठेवतो. त्याच्या गावाजवळ, ग्राइफ्सवाल्डला, एल्डेना या ख्रिस्ती मठाचे अवशेष होते. ते त्याने पुन्हा पुन्हा काढले. १८०९-१० च्या ओकवनातल्या मठाच्या चित्रात एकच उंच भिंत उरली आहे, भोवती निष्पर्ण ओक, बर्फ, आणि शवपेटी नेणारे साधू. इथे पडकेपणा म्हणजे मरण, आणि वरच्या उजळ आकाशात पलीकडची आशा. तोही काही जागेशी इमानदार नाही: बाल्टिक किनाऱ्याजवळच्या सपाटीवरचा हाच मठ पुढे त्याने थेट डोंगरात नेऊन बसवला.

आता तुमची जागा. वसईच्या किल्ल्यात चर्चच्या भिंती आणि कमानी अजून उंच उभ्या आहेत, दगडांतून झाडं फुटली आहेत. तिथे पिरानेसी घ्या, पेन घ्या. अर्थ मात्र बघणाऱ्यागणिक बदलेल: कुणाला १७३९ चा चिमाजी अप्पांचा विजय दिसेल, तर वसईतल्या ख्रिस्ती घरांना कदाचित आपल्या पूर्वजांची प्रार्थनास्थळं. रायगडावर हे जमणार नाही. १८१८ च्या तोफांच्या माऱ्यात आणि आगीत वाडे गेले. बहुतेकांची जोतीच उरली. उंचीच नाही, तर पिरानेसी करणार काय? तिथे क्षितिज खाली घ्या, धुक्याला कागद सोडा, सौम्य वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) द्या. ही फ्रीडरिखची वाट.

त्याचे निष्पर्ण ओक तेवढे उचलू नका. गडावर पावसाळ्यात गवत कमरेला लागतं, आणि जोती झाकण्याचं काम तेच करतं.