मोठेपणी सायकल शिकताय? 'लेडीज मॉडेल' घ्या

तिशी-चाळिशीत सायकल शिकायला निघालेला माणूस दुकानात शिरला की त्याच्यापुढे बहुधा जाड टायरची, पुढेमागे शॉकॲब्जॉर्बर असलेली, 21 गिअरची सायकल येते. दिसायला दणकट, पण शिकाऊ माणसाला तीच सर्वांत जड जाते. स्वस्तातला मागचा शॉकॲब्जॉर्बर प्रत्येक पायडलला दबतो आणि पायाचा जोर तिथेच जिरतो. त्यात वजन 18 किलोच्या आसपास, त्यामुळे तोल गेला की एका पायावर सावरणे कठीण.

आमची पसंती 26 इंची चाकांच्या, खाली उतरत्या दांडीच्या, बिनगिअरच्या सायकलीला. दुकानात तिला 'लेडीज' म्हणतात; बीएसए लेडीबर्ड हे त्यातले ओळखीचे नाव. पुरुषांनीही ती बेलाशक घ्यावी. शिकताना खरी भीती असते ती झटकन उतरता येणार नाही याची. आडव्या दांडीच्या सायकलीवरून उतरताना मागून टांग काढावी लागते, इथे पाय पुढूनच निघतो. साडी नेसूनही चालवता येते, आणि चेनकव्हर असल्याने पॅन्टचा पायही चेनमध्ये अडकत नाही.

गिअर नाही म्हणून अडत नाही. पुढचे चक्र 44 दातांचे आणि मागचे 18 दातांचे असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5 मीटर जाते. सपाट रस्त्याला हे पुरते. रोजच्या वाटेवर मोठा चढ असेल तर मागे 7 गिअर असलेले मॉडेल बघा. पुढे तीन चक्रे असलेले नको.

हिची कमजोर बाजू म्हणजे ब्रेक. बऱ्याच मॉडेलांची रिम चकचकीत स्टीलची असते. पावसात ती ओली झाली की ब्रेकचे रबर आधी नुसते पाणी निपटते, मग धरते, तोवर सायकल बरीच पुढे गेलेली असते. ॲल्युमिनियमची रिम मिळत असेल तर थोडे जास्त पैसे तिथे घाला, बास्केट किंवा रंगासाठी नको.

उंच माणसाला सीट खुजी पडते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ झाला तर चालवण्यापुरती उंची बरोबर. त्यासाठी सीटचा दांडा त्यावरच्या शेवटच्या रेघेपेक्षा बाहेर काढावा लागत असेल, तर त्याच जाडीचा लांब दांडा बसवून घ्या. तसाच ओढून ठेवला तर वाकतो, कधी फ्रेमही तडकते.

कारखान्यातून सायकल अर्धवट जोडलेली येते, म्हणून ताब्यात घेण्याआधी दुकानातच पाच मिनिटे घालवा. फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याचा, बाक पुढे आहे ना? घाईत तो उलटा बसतो, मग वळताना पुढचे चाक पायाला लागते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. हँडलच्या मुळाशी कटकट आली तर तिथला नट सैल आहे. चाक उचलून फिरवा. रिम एका बाजूला ब्रेकला घासत असेल तर आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून मागा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते पायडल जबरदस्तीने आवळले गेले असेल तर तिरके बसते आणि थोड्याच दिवसांत क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांडीत बसते तिचे, आटे खाऊन गळून पडते.

शिकायच्या पहिल्या आठवड्यात पायडल लावूच नका. 15 नंबरच्या पान्याने उजवे घड्याळाच्या उलट दिशेने सुटते, डावे काट्यांच्याच दिशेने. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतील. मग मोकळ्या, किंचित उताराच्या जागी पायांनी ढकलत जायचे, नजर चाकावर नाही, समोर दहा-पंधरा पावलांवर. पाय वर उचलून दहा-बारा मीटर सरळ जाता आले, वळताही आले, की पायडल आट्यांना ग्रीस लावून परत बसवा. सीट मात्र दर दोन-तीन दिवसांनी बोटभरच वर घ्या.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर एकदा दुकानात न्या: नव्या ब्रेकच्या वायरी ताणतात, स्पोक सैल पडतात, क्रँकही एकदा आवळावी लागते.