विणीसाठी रॅटची (पाळीव उंदरांची) जोडी: दुकानातली की वंशावळ माहीत असलेली?

दुकानातली मादी स्वस्त मिळते आणि लगेच मिळते. पण तिचं वय, तिची आई कशाने गेली, काहीच कळत नाही. रॅट पाचव्या आठवड्यातच वयात येऊ शकतात. नर-माद्या एकत्र ठेवले असतील, तर ती गाभण असूनच घरी येते. माझी पहिली मादी अशीच तेराव्या दिवशी व्याली. पिल्लं अकरा, आईला सड बारा, म्हणून निभावलं. पण ती स्वतःच अजून पिल्लू होती. दूध पाजून पाजून तिच्या पाठीचा कणा हाताला लागायचा. आजही ते आठवलं की गलबलतं.

माहीतगार पाळणाऱ्याकडे वाट पाहावी लागते, पैसेही जास्त पडतात. मात्र आजी-पणजीला गाठी झाल्या होत्या का, स्वभाव कसा होता, हे विचारता येतं. रॅट दोन-तीन वर्षं जगतो, त्यामुळे तीन पिढ्यांची माहिती सहज हाती लागते. ब्रिटनमध्ये तर १९७६ पासून शौकिनांची राष्ट्रीय संस्था आहे.

मायकोप्लाझ्मा, म्हणजे श्वसनाचा आजार करणारा जीवाणू, मात्र दोन्हीकडे असू शकतो. मी प्रत्येक रॅट कानाशी धरते. छातीत टिकटिक किंवा बारीक शिट्टी ऐकू आली, तर वीण नाही.

दुकानातली मादी जरूर सांभाळा, जीव लावा. वीण करायची असेल, तर वंशावळ माहीत असलेलीच जोडी घ्या, आणि गाभणपणाचे २१-२३ दिवस भरण्याआधी नर वेगळा करा. व्याल्यानंतर चोवीस तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते.