एनव्हिडियाचा लिनक्स ड्रायव्हर: चित्र झकास, पण कर्नल अपडेटवर नजर हवी

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा वेगासाठी नाही, इन्स्टॉल करताना आणि टिकवताना होणाऱ्या त्रासासाठी आहे.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लिनक्सवर चालवणारा हा ड्रायव्हर एकदा नीट बसला की खरंच उत्तम चालतो. कूडा (कार्डावर आकडेमोड करून घेण्याची एनव्हिडियाची व्यवस्था) हवं असेल तर दुसरा मार्गच नाही, कारण कर्नलसोबत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) येणाऱ्या नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर ते चालत नाही. वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी व्यवस्था) पूर्वी खिडक्या लुकलुकायच्या, टाइप केलेलं अक्षर क्षणभर गायब व्हायचं. कार्डाचं चित्र काढून पूर्ण होण्याआधीच डेस्कटॉप ते उचलत असे, म्हणून हे व्हायचं. २०२४ मध्ये ड्रायव्हरच्या ५५५ मालिकेत एक्सप्लिसिट सिंक (चित्र पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सोय) आलं आणि ही तक्रार जवळपास संपली. मात्र डेस्कटॉप आणि जुनी ॲप्स वेलँडवर चालवणारा एक्सवेलँडही तितकेच नवे लागतात.

खरं दुखणं आहे कर्नल मॉड्यूलचं, म्हणजे ड्रायव्हरच्या कर्नलमध्ये बसणाऱ्या भागाचं. ते प्रत्येक कर्नलसाठी वेगळं बांधावं लागतं. डीकेएमएस नावाचं साधन हे काम आपोआप करतं, पण त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) मशीनवर नसतील तर बांधणी होत नाही आणि रीबूटनंतर काळी स्क्रीन समोर येते. अशा वेळी घाईने सगळं पुन्हा इन्स्टॉल करू नका. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडा, तो बहुतेक वेळा सुरळीत चालू होतो. मग ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं. नुसतं ‘ॲडेड’ दिसलं तर सोर्स आहे, मॉड्यूल बांधलेलं नाही. नव्या कर्नलच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळणारे हेडर्स घाला, त्या कर्नलचं नाव देऊन ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ करा. तरीही अडलं तर डीकेएमएसच्या बिल्ड फोल्डरमधली मेक लॉग फाइल उघडा. त्यातली पहिली एरर वाचा, शेवटची नाही.

मॉड्यूल बांधलं गेलंय, पण ते लोड करायला ‘मोडप्रोब एनव्हिडिया’ केल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ येतंय? म्हणजे सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलंच चालू देणारी सुरक्षा) चालू आहे आणि मॉड्यूलवरची सही त्याला ओळखीची नाही. मोकयुटिल या साधनाने सहीची की इम्पोर्ट करा, एक तात्पुरता पासवर्ड द्या, रीबूट करा. इथेच बरेच जण चुकतात: रीबूटनंतर येणारी निळी स्क्रीन फक्त १० सेकंद थांबते. त्या वेळात कळ दाबून ‘एनरोल मोक’ निवडलं नाही, तर इम्पोर्टपासून पुन्हा सुरुवात. उबुंटू आधीच बांधून सही केलेली मॉड्यूल्सही देतं, ती घेतली तर हा खटाटोप वाचतो.

‘ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ या एररला घाबरायचं कारण नाही. अपडेटनंतर जुनं मॉड्यूल मेमरीत राहिलेलं असतं, रीबूट केलं की झालं.

उघडं (सोर्स सगळ्यांना खुला असलेलं) मॉड्यूल घ्यावं की बंद, हे कार्ड पाहून ठरवा. जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढे उघडंच घ्या. ते कार्डावरच्या जीएसपी प्रोसेसरवर अवलंबून असतं, त्यामुळे त्याआधीच्या कार्डांवर चालत नाही. आरटीएक्स ५० ला तर फक्त उघडंच चालतं. बंद मॉड्यूल घातलं की कार्डाची स्थिती दाखवणारं एनव्हिडिया-एसएमआय सरळ ‘नो डिव्हाइसेस वेअर फाउंड’ म्हणतं आणि माणूस उगाच कार्डाची खोट शोधत बसतो. जीटीएक्स १० वाल्यांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे, त्यापुढच्या शाखेवर जाऊ नका.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची ‘रन’ फाइल मात्र टाळाच. ती पॅकेज मॅनेजरला न कळवता फाइली टाकते आणि पुढच्या अपडेटला दोन आवृत्त्या एकमेकींत मिसळतात. आधीच टाकली असेल तर ‘एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ने काढा, मगच डिस्ट्रोच्या (तुम्ही वापरता त्या लिनक्सच्या) रेपॉझिटरीतून घ्या. फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रेपॉझिटरीचं, मॉड्यूल मशीनवरच बांधणारं एकेमॉड पॅकेज घातल्यावर पाचेक मिनिटं थांबा, बांधणी पार्श्वभूमीवर चालू असते. लगेच रीबूट केलं तर मॉड्यूल अर्धवट राहतं.

सस्पेंडमधून उठल्यावर चित्रात कचरा दिसत असेल तर ‘प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी ॲलोकेशन्स’ हा मॉड्यूल पर्याय १ करा आणि एनव्हिडियाच्या सस्पेंड व रिझ्यूम सेवा चालू ठेवा. कार्डाची मेमरी तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवली जाते, म्हणून ती जागा रॅमवर नको, डिस्कवर हवी आणि कार्डाच्या मेमरीइतकी तरी मोकळी हवी.