संत्र्याच्या सालीची गाळणी: शिशासाठी घ्या, फ्लोराइडसाठी नको

बचत गटाकडून मिळणाऱ्या या संचात २० लिटरच्या दोन बादल्या, तोटी, वाळू, खडी आणि १ किलो सालीचे दाणे येतात. साल चुन्याच्या निवळीत भिजवलेली आहे, ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. चुन्यामुळे सालीतल्या पेक्टिनला (फळांच्या सालीत असणारा चिकट पदार्थ) कॅल्शियम चिकटतो. शिसं, कॅडमियम किंवा तांबं असलेलं पाणी आलं की कॅल्शियम सुटतो आणि त्या जागी ते धातू बसतात. नुसती वाळवलेली साल घातली तर पाणी पिवळं, कडवट होतं आणि सालीला लवकर बुरशी धरते.

दाणे मात्र नीट चाळलेले नाहीत. पिठासारखी पूड तशीच राहिली तर लगदा होऊन बसते आणि तोटीतून थेंब थेंब पाणी येतं. म्हणून आधी चहाच्या गाळणीने चाळा. मग निवळ पाणी येईपर्यंत आणि पीएच पट्टी (पाण्याचा आम्ल-अल्कपणा दाखवणारा कागद) ८ च्या खाली येईपर्यंत धुवा. दाणे रात्रभर भिजवूनच भरा, कोरडे भरले तर फुगून थर फाटतो. खाली ५ सेंमी खडी, वर १० सेंमी वाळू, मग दाणे, त्यावर सुती कापड आणि चार गोटे. नाहीतर साल तरंगते.

फुगलेले दाणे ४ लिटर भरले तर त्यांच्या फटींत साधारण २ लिटर पाणी मावतं. पाणी अर्धा तास तरी आत राहायला हवं, म्हणून तासाला ४ लिटरच्या वर सोडू नका. हातपंपाच्या पाण्याला लोखंडाचा तांबूस गाळ येत असेल तर ते पाण्याच्या गुंडात रात्रभर निवळून घ्या. तो गाळ दाण्यांवर चढला की साल निकामी होते.

संचाच्या ‘सहा महिने चालते’ या दाव्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही त्याच जागा अडवतं. गाळलेलं पाणी दर महिन्याला प्रयोगशाळेत तपासा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

‘सगळी विषं काढते’ हा संचाचा दावाही चूक आहे. फ्लोराइड आणि नायट्रेटवर ऋण (विजेचा उणे) भार असतो, सालीवरही ऋणच. ते तिला चिकटत नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या बोअरला ही गाळणी लावू नका. जंतूही मरत नाहीत, पाणी उकळावंच लागतं.

वापरलेली साल शेणखतात टाका, असं पुडक्यावर छापलंय. तेवढी ओळ आधी काढायला हवी, कारण धरलेलं शिसं त्यातून वावरात जातं.